आमची वाटचाल: सापडलं नाही, त्याचं बिल

"अगं, मेलेल्या माणसांना शोधायचे पैसे देतं तरी कोण?" इंग्लंडमधल्या स्विंडनहून आईला पहिल्यांदा लोकांचे पूर्वज शोधून द्यायच्या धंद्याचं सांगितलं तेव्हा तिनं फोनवर विचारलं. प्रश्न रास्त होता. पहिलं वर्षभर फारसं कोणी देतही नव्हतं.

मी मूळची साताऱ्याची. मोडी शिकले होते, लोकांचे वाटण्यांचे आणि वतनाचे जुने कागद वाचून द्यायचे. नवऱ्याच्या नोकरीमुळे 2012 साली इंग्लंडला आले आणि घरी बसून वैतागले. एकदा सहज म्हणून चिपनमच्या विल्टशायर अँड स्विंडन हिस्टरी सेंटर या अभिलेखागारात गेले, तर समोर एका खेड्यातल्या चर्चच्या नोंदवहीचं पान. अक्षर सतराव्या शतकातलं, 'सेक्रेटरी हँड' म्हणतात ते. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, हे आम्हा इंग्रजांनाही लागत नाही. मला मात्र ओळखीचं वाटलं. मोडीत जी सवय लागते तीच इथे लागते: सुटं अक्षर बघायचं नाही, लिहिणाऱ्याचा हात बघायचा. नक्की कळणारा एखादा शब्द धरायचा, त्यातली अक्षरं उचलायची आणि अडलेल्या शब्दावर लावून बघायची.

2014 साली आम्ही दोघींनी फर्म काढली. भागीदारीण गोव्याची. स्विंडनमध्ये गोव्याची माणसं पुष्कळ आहेत, आणि पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांच्या जन्माचा दाखला मिळवताना काय धावपळ होते हे तिनं घरातच पाहिलेलं. जुन्या नोंदीची किंमत तिला समजवावी लागली नाही. शिवाय चर्चच्या वह्यांत 'जाकोबुस' दिसला की तो जेम्स, हे ती माझ्याआधी ओळखते. 1733 पर्यंत इथल्या कित्येक वह्या लॅटिनमध्येच आहेत.

गिऱ्हाइकं बहुतेक ऑस्ट्रेलिया आणि कॅनडातली. त्यांना हवा असतो खेड्यातला शेतमजूर पूर्वज. सरदाराचा शोध सोपा, त्याच्यामागे जमिनीचे कागद असतात. मजुराच्या मागे तीन ओळी: बाप्तिस्मा, लग्न, दफन. आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं 1538 साली प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाला, ही वही ठेवायला लावली. आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत घराणं एका जागी सापडतं. पॅरिशची वही गावाची असते, घराण्याची नव्हे. माणूस शेजारच्या गावी कामाला गेला की वहीतून गेलाच. आणि मजूर तर वर्षाच्या करारावर गावं बदलत राहायचे.

धंदा जमावा म्हणून आम्ही सुरुवातीला एक मूर्खपणा केला: "पूर्वज सापडला तरच पैसे." गिऱ्हाइकं आली, पण त्याचा आमच्या डोळ्यांवर काय परिणाम होतोय हे कळायला एक जॉन यावा लागला. मेलबर्नच्या एका बाईंचा हा पूर्वज. विल्टशायरमधल्या मार्लबरोच्या पूर्वेकडच्या एका खेड्यातला, 1851 च्या जनगणनेत साठ वर्षांचा शेतमजूर, जन्मगाव तेच लिहिलेलं. गावच्या वहीत 1790 साली त्याच नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा मिळाला. आईबापांची नावं मिळाली. आम्ही अहवाल पाठवला, पैसे घेतले, दोघींनी जेवण बाहेर केलं.

तीन महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी मी तीच वही चाळत होते. दफनाच्या पानावर, 1791 सालात, तोच जॉन. तोच बाप. मूल वर्षभरही जगलं नव्हतं.

त्या रात्री झोप लागली नाही. बाईंना कळवलं, सगळे पैसे परत केले. इंटरनेटवर शोधलं तर त्याच मेलेल्या बाळाला नातवंडं-पतवंडं लावलेल्या चार वंशावळी आधीच फिरत होत्या. आम्ही पाचवी केली होती. चूक साधी होती, दफनाची पानं आम्ही उघडलीच नव्हती. आणि ती उघडली नव्हती कारण उघडून आमचंच नुकसान झालं असतं. सापडलं तरच पैसे अशी अट असली की हात आपोआप जुळणाऱ्या नोंदीपाशी थांबतो.

बाई मोठ्या मनाच्या. म्हणाल्या, मग खरा कुठे आहे? यावेळी तासाचे पैसे देईन.

पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. 1841 च्या जनगणनेत मोठ्या माणसांची वयं पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिलीत आणि जन्मगाव नाहीच, फक्त "याच काउंटीत (जिल्ह्यात) जन्म का?" एवढाच रकाना. जॉनच्या पुढे "नाही". म्हणजे दहा वर्षांनी त्यानं, किंवा लिहून घेणाऱ्यानं, राहतं गावच जन्मगाव म्हणून ठोकून दिलं होतं. शेजारच्या बर्कशायर काउंटीची हद्द तिथून जवळच.

दुवा दिला तो गरिबीनं. 1662 च्या कायद्यानं गरजूला मदत द्यायची जबाबदारी त्याच्या हक्काच्या पॅरिशवर, त्यामुळे परका मजूर गावावर ओझं होईल असं वाटलं की मॅजिस्ट्रेटपुढे त्याची शपथेवर जबानी होई: जन्म कुठला, कोणाकडे सालभर राबलास. पूर्ण वर्षाच्या नोकरीनं हक्क लागू होई, म्हणून काही धूर्त शेतकरी एक्कावन्न आठवड्यांचाच करार करत! (ऑफिसात अकरा महिन्यांचा भाडेकरार निघाला की आम्हाला हे आठवतं.) जॉनची अशी जबानी निघाली. खाली सही म्हणून फुली, वर बर्कशायरच्या गावाचं नाव.

त्या गावच्या वहीतही तो लगेच मिळाला नाही. सूचीत ह पासून सुरू होणारं आडनाव आम्ही शोधत होतो. इकडच्या खेडवळ बोलीत तो ह गळतो, पाद्र्यानं कानावर पडलं तसं 'अ' नं लिहिलेलं. शिवाय मुलाचं वय चार, आणि त्याच दिवशी दोन धाकट्या बहिणींचाही बाप्तिस्मा. 1783 ते 1794 प्रत्येक नोंदीवर तीन पेनी कर होता. कर उठला आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात हे कुटुंब चर्चमध्ये आलं. करामुळेच थांबले होते असं मी शपथेवर सांगणार नाही, पण पटतं. पुढची सगळी दफनं तपासली. हा जॉन मेला नव्हता.

तेव्हापासून आमचा दर तासाचा. जुळणारा बाप्तिस्मा मिळाला की आधी त्याला मारून बघायचं, म्हणजे दफनं, शेजारची पॅरिशं, बिशपकडे दरवर्षी जाणाऱ्या नकला. त्यातून वाचला तरच तो पूर्वज. कुठल्या वह्या बघितल्या आणि काय मिळालं नाही, याचीही यादी बिलासोबत जाते. काही गिऱ्हाइकं त्यावरून भांडतात. "काहीच सापडलं नाही, मग पैसे कसले?" एकानं तर कोर्टाची धमकी दिली. दर काही आम्ही बदलला नाही.

2020 साली अभिलेखागारं बंद झाली, तेव्हा महिनोन्महिने स्क्रीनवरच्या पानांवर भागवलं. एका मुलीला कामावर ठेवलं होतं, तिला सोडावं लागलं. आता ती परत आली आहे.

मेलबर्नच्या बाईंचं काम अजून संपलेलं नाही. जॉनच्या आईचं माहेरचं नाव हवंय. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकारा करायचे, 1754 पासून त्याची वही ठेवणं सक्तीचं झालं; ती बघायची राहिली आहे. मंगळवारी रीडिंग गावी, बर्कशायरच्या अभिलेखागारात जातेय. बाईंनी चार तासांचे आगाऊ पाठवलेत.