धामापूरचं तळं बांधाच्या खालून बघा

मालवणात आलेला माणूस सहसा पश्चिमेकडे तोंड करूनच उभा असतो. किल्ला, तारकर्ली, स्कूबा, बांगडा, सगळं त्याच बाजूला. आमच्या आईचे गुडघे वाळूत चालायला नाही म्हणतात आणि होडीत चढायला तर त्याहून जोरात नाही म्हणतात. म्हणून या जानेवारीत आम्ही सकाळीच पाठ फिरवली आणि कुडाळच्या रस्त्याला लागलो. चौके मागे पडलं की थोड्या वेळात धामापूर.

तळ्याच्या काठावरच भगवतीचं देऊळ आहे. आईने ओटी भरली, मी चपला सांभाळल्या. देवळाजवळच्या पायऱ्या थेट पाण्याशी जातात. समोर तिन्ही बाजूंनी डोंगर, दाट झाडी, मध्ये पाणी. बहुतेक लोक इथेच फोटो काढतात आणि गाडीत बसतात. माझं म्हणणं असं, की तुम्ही अजून तळं बघितलेलंच नाही. ते बांधावरून चालत गेल्यावर, आणि खरं म्हणजे बांधाच्या पलीकडे खाली बघितल्यावर कळतं.

हे तळं निसर्गाने दिलेलं नाही, माणसांनी बांधलेलं आहे. विजयनगरच्या राज्यातले मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली ते बांधलं. तेव्हा विजयनगरच्या गादीवर अच्युतदेवराय होते. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ची, म्हणजे ज्या किल्ल्यासाठी सगळे मालवणला धावतात त्याच्यापेक्षा हे तळं शंभराहून जास्त वर्षांनी थोरलं. दोन डोंगरांमधली जागा हेरून मातीचा बांध घातला आणि डोंगरांवरून उतरणारं पाणी अडवलं. एवढंच. पण कोकणात ‘एवढंच’ फार कमी ठिकाणी झालंय. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नद्या आखूड, उतार तीव्र, वर जांभ्याचा सच्छिद्र दगड. पाणी बघता बघता समुद्राला मिळतं आणि एप्रिल-मेमध्ये विहिरींचा तळ दिसू लागतो.

बांधावरची चाल अगदी सोपी. चढ-उतार नावाला. आई न थांबता गेली, फक्त धनेशाची जोडी डोक्यावरून गेली तेव्हा थांबली. त्यांच्या पंखांचा आवाज एवढा मोठा, की आधी तिला वाटलं माडाची झावळीच पडली. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला खाली उतरत जाणारी बागायत: माड, पोफळी, मधून वाहणारे पाट आणि त्यापुढे भाताचे मळे. आजूबाजूचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, जानेवारीत पिवळे पडलेले असतात. इथे मात्र वायंगणी, म्हणजे पावसाळ्यानंतर साठवलेल्या पाण्यावर घेतात त्या भाताची लावणी चाललेली. पंपाचा आवाज नाही. तळं उंचावर, शेत खाली, पाणी आपल्या वजनाने जातं. शिवाय मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळतं ते वेगळंच. मालवण शहराच्या नळालाही इथलंच पाणी जातं, म्हणजे लॉजवर आम्ही आदल्या रात्री ज्या पाण्याने आंघोळ केली त्यातही बहुधा धामापूर होतं.

पाटाच्या कडेला एक आजोबा कोयतीने गवत कापत होते. “खंयसून इलास?” आईने सांगितलं, सांगलीहून. मग त्यांनी तळ्याकडे मान हलवून सांगितलं, “ह्या तळ्याचा पाणी गिमातसुद्धा आटना नाय.” गिमात म्हणजे उन्हाळ्यात. दुष्काळी तालुक्यात माहेर असलेली माझी आई यावर बराच वेळ काही बोलली नाही.

आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने २०२० मध्ये या तळ्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. त्या वर्षी भारतातल्या चार ठिकाणांना तो मिळाला, बाकीची तिन्ही आंध्र प्रदेशातली.

परडीची गोष्ट आम्हाला देवळापाशी परत आल्यावर ऐकायला मिळाली. लग्नघरातल्या माणसाने संध्याकाळी फुलांची परडी तळ्यात सोडून गाऱ्हाणं घालायचं, सकाळी परडीत नवरीचे दागिने यायचे. लग्न झालं की परत द्यायचे. मग कुणीतरी परत केले नाहीत आणि देणं बंद झालं. अशी गोष्ट महाराष्ट्रात बऱ्याच तळ्यांची सांगतात, कुठे दागिन्यांच्या जागी भांडी असतात. मला ती इथे जास्त पटली, कारण खाली पोफळीच्या बागेला दागिने दिसत होतेच.

जायचं असेल तर सकाळी लवकर जा, नऊनंतर ऊन चढतं. कोकण रेल्वेने येणाऱ्यांना कुडाळ स्टेशन सोयीचं, तिथून नेरूरपारमार्गे मालवणला जाणारा रस्ता याच गावातून जातो. पाण्यात उतरू नका, तळं खोल आहे. बागा खाजगी आहेत, तेव्हा पाटाच्या कडेने जाताना आधी हाक मारून विचारा. आणि पावसाळ्यात जाणार असाल तर चपला नकोत, पकड असलेले बूट घाला. जांभ्यावर शेवाळ धरलं की सरळ वाटही सोपी राहत नाही.