अर्धा एमएल पाणी

आमच्या हॉस्पिटलच्या ॲडमिशन फॉर्मवर धर्माचा एक रकाना असतो आणि त्यात बहुतेक वेळा नुसतं 'ख्रिश्चन' एवढंच टाईप केलेलं असतं. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या आसपास, जिथे मॉर्मन चर्चचं (एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतच सुरू झालेल्या एका पंथाचं) मुख्यालय आहे, तिथे एवढ्यावर भागत नाही असं माझं ठाम मत आहे. ते का, हे त्या रात्रीमुळे नीट कळलं म्हणून ही केस लिहितेय. ओळख पटेल असे तपशील काढलेत. (त्यांच्या चर्चने २०१८ पासून 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असं पूर्ण नाव वापरा असं सांगितलंय, पण दरवेळी एवढं लिहिणं अवघड, म्हणून इथे मॉर्मन लिहिते.)

मी मूळची वसईची, कॅथलिक, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) नर्स म्हणून नाईट करते. लोकांना वाटतं आम्ही रात्रभर बाळांना कुशीत घेऊन बसतो. चोवीस आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाला पहिले ७२ तास आम्ही शक्यतो हातच लावत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्या इतक्या नाजूक असतात की डोकं जरा वळलं तरी रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून डोकं मधल्या रेषेत, नाक छताकडे, दोन्ही बाजूंनी आधार. त्वचा अशी की आतली शीर न शीर दिसते, चिकटपट्टी काढताना सालच निघून येतं. आयसोलेटमध्ये, म्हणजे बाळाच्या काचेच्या पेटीत, आर्द्रता ऐंशी टक्के, आतून काचेवर पाणी जमतं. हे सगळं आधी सांगतेय कारण पुढे पाणी आणि तेलाचा प्रश्न येणार आहे.

बाळाच्या आईला अचानक रक्तस्राव सुरू झाला, वार सुटली होती, जनरल ॲनेस्थेशिया देऊन सिझेरियन केलं. बाळ आमच्याकडे आलं, श्वासासाठी ट्यूब टाकली, फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून सरफॅक्टंट हे औषध दिलं, नाळेतून लाईन्स (औषधाच्या नळ्या) घातल्या. रात्री एकच्या सुमाराला फुप्फुसात रक्त यायला लागलं आणि डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं की सकाळ बघेल याची खात्री नाही. आमचे रात्रीचे डॉक्टर हे फार नीट सांगतात, खुर्ची ओढून समोर बसून, आणि सांगून झाल्यावर लगेच उठत नाहीत. आई तेव्हा अजून ऑपरेशन थिएटरमध्येच होती, तिचं रक्त थांबत नव्हतं.

वडील मॉर्मन, पणजोबांच्या आधीपासून घराणं तिथलंच. आई मेक्सिकन कुटुंबातली कॅथलिक. आणि आईची आई, म्हणजे बाळाची आजी, हातात रोझरी (जपमाळ) घेऊन आत आली ती थेट माझ्यापाशी. माझ्या बॅजच्या दोरीला मारियामातेचं छोटं मेडल असतं, ते तिने पाहिलं होतं. तिला इंग्रजी फार येत नव्हतं म्हणून इंटरप्रिटरचा आयपॅड आणला. तो पडद्यावरचा माणूस नियमाप्रमाणे 'मी' म्हणूनच बोलतो, आवाजात चढउतार न आणता. तो म्हणाला, "माझ्या नातवाला बाप्तिस्मा हवा. आत्ता. तुम्ही कॅथलिक आहात, तुम्हाला येतं."

मला येतं हे खरं. संकटकाळी कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं हे आम्हाला वसईला लहानपणी कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) वर्गातच शिकवलं होतं. फादर हवेतच असं नाही, बाप्तिस्मा घेतलेला माणूस हवा असंही नाही. खरं पाणी, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणणं, आणि चर्चला जे अभिप्रेत आहे ते करायची इच्छा, एवढं पुरतं.

वडील शांतपणे म्हणाले, "नाही."

त्यांनी तरुणपणी दोन वर्षं स्पॅनिश बोलणाऱ्या भागात मिशनरी म्हणून काम केलेलं, त्यामुळे सासूशी ते स्पॅनिशमध्येच बोलायला लागले आणि आयपॅडवरचा माणूस ते फक्त माझ्यासाठी इंग्रजीत सांगत राहिला. सासू-जावयाचं आयुष्यातलं सगळ्यात अवघड बोलणं मी एका तिसऱ्याच माणसाच्या सपाट आवाजात ऐकत होते, दोन्हीकडचं 'मी' त्याच्याच तोंडून.

सोशल वर्कर माझ्या कानाशी म्हणाली, दोघंही ख्रिश्चनच आहेत ना, थोडं पाणी लावल्याने काय बिघडतं. ती मनाने चांगली आहे, पण या वाक्याचा मला अजूनही राग येतो. ज्याला काहीच फरक पडत नाही त्याने फरक पडणाऱ्यांना समजूत घालू नये.

फरक कुठे पडतो ते सांगते. आम्हा कॅथलिकांच्या दृष्टीने प्रत्येक मूल मूळ पापाच्या सावलीत जन्मतं. मुलाने काही केलंय म्हणून नाही, माणसाच्या वाट्याला आलेलं ते तुटलेपण आहे, आणि बाप्तिस्म्याने ते धुतलं जातं. आजीच्या पिढीला तर शिकवलं होतं की बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ 'लिंबो'त राहतं, देवाचं दर्शन नाही. चर्चने हे कधी पक्कं धर्ममत केलं नव्हतं, आताची शिकवण अशा बाळांना देवाच्या दयेवर सोपवते, आणि २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने त्यांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे असं लिहिलंय. पण रात्री दीड वाजता रोझरी घट्ट धरून उभ्या असलेल्या बाईला आयोगाचा अहवाल काय सांगणार? आणि आशा धरणं वेगळं, खात्री वेगळी. ती खात्री मागत होती.

जावयाकडे खात्री होती, आणि ती पाण्याविनाच होती. मॉर्मन लोक मूळ पाप मानत नाहीत. माणसाला शिक्षा स्वतःच्या पापांची, आदामच्या नव्हे, हे त्यांच्या श्रद्धेच्या तेरा कलमांमधलं दुसरंच कलम. आदामने फळ खाल्लं तेही त्यांच्या मते देवाच्या योजनेतलंच, त्यामुळे तर माणसं जन्माला आली. बाळाचा आत्मा जन्माआधी स्वर्गीय पित्याजवळ राहत होता, तिथून निर्मळच आला. आठ वर्षं होईपर्यंत त्याच्या खात्यावर पाप लागतच नाही, म्हणून त्यांच्याकडे बाप्तिस्मा आठव्या वर्षी. त्यांच्या 'बुक ऑफ मॉर्मन' या धर्मग्रंथात, मोरोनी नावाच्या भागाच्या आठव्या अध्यायात तान्ह्यांना बाप्तिस्मा देणं ही देवाची थट्टा आहे असं फार कडक भाषेत लिहिलंय. म्हणजे आम्ही पाणी घालणार, त्याचा अर्थ त्या बापाच्या लेखी असा की, तुझं बाळ जसं आहे तसं ख्रिस्ताला चालत नाही. तो अक्षरशः हेच म्हणाला. "एक तासाच्या माझ्या मुलाला कशाची क्षमा हवी आहे?"

तान्ह्यांना बाप्तिस्मा न देणारे बॅप्टिस्ट हे प्रोटेस्टंटही आहेत, तेव्हा दरी तेवढ्यामुळेच आहे असं नाही. बॅप्टिस्ट त्र्येक देव (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव) मानतात, मॉर्मन त्या अर्थाने मानत नाहीत. इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत पुत्र हा पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरलं आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट सगळे त्यावर उभे आहेत. मॉर्मन शिकवणीत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन वेगळे, उद्देशाने एक असलेले, आणि पित्याला हाडामांसाचं अमर शरीर आहे. त्यांच्या मते प्रेषितांनंतर खरं चर्च पृथ्वीवरून नाहीसं झालं होतं आणि १८३० मध्ये जोसेफ स्मिथच्या हातून ते पुन्हा उभं राहिलं. म्हणून ते आमचा बाप्तिस्मा धरत नाहीत, आणि व्हॅटिकनने जून २००१ मध्ये त्यांचाही वैध नाही असं जाहीर केलं, जरी पाणी तेच आणि शब्दही जवळपास तेच असले तरी.

आता माझी अडचण. हॉस्पिटलचा नियम सरळ आहे, पालकाने मागितल्याशिवाय कुठलाही विधी करायचा नाही, आणि तो नियम मला पटतो. पण माझ्या चर्चच्या कायद्यात, कॅनन ८६८ मध्ये, लिहिलंय की मरणाच्या दारात असलेल्या बाळाला पालकांच्या इच्छेविरुद्ध दिलेला बाप्तिस्माही ग्राह्य आणि रास्त आहे. हे मला माहीत होतं. आजीलाही माहीत असावं, कारण ती मला नुसती विनंती करत नव्हती, ती माझ्या डोळ्यांत रोखून बघत होती. आयसोलेटमध्ये एक एमएलच्या सिरिंजमध्ये स्टराईल वॉटर कोमट होत ठेवलेलं होतं, ते मीच ठेवलं होतं, आई शुद्धीवर येऊन हो म्हणाली तर वेळ जायला नको म्हणून. मी पेटीच्या पोर्टमधून (हात घालायच्या खिडकीतून) हात आत घालून सक्शन करत होते, सिरिंज माझ्या मनगटाला लागत होती, बाळाचं सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) साठावर उतरलं होतं आणि मला वाटत होतं की तीन थेंब, कोणालाच कळणार नाही.

मी दिला नाही. बाप समोर उभा राहून 'नाही' म्हणाला होता आणि त्याने त्याचं मूल माझ्या हातात सोपवलं होतं.

मग वडिलांनी त्यांच्या बिशपला फोन केला. त्यांच्याकडे बिशप म्हणजे वस्तीतल्या मंडळीचा प्रमुख, बिनपगारी, दिवसा स्वतःची नोकरी करणारा माणूस, आणि तो रात्री दोन वाजता पहिल्या रिंगला उठला. आमच्या फादरांच्या तातडीच्या नंबरवर मी केलेला फोन व्हॉइसमेलला गेला. मला हे लिहिताना वाईट वाटतं, पण झालं ते असं झालं.

वडिलांचे वडील आले. चावीच्या जुडग्याला लावलेल्या बारक्या डबीत पवित्र केलेलं ऑलिव्ह तेल होतं. आमची चार्ज नर्स स्वतः मॉर्मन, तिने त्यांना समजावलं की थेंबाचा आकार महत्त्वाचा नाही. मी स्टराईल स्वॉबच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढं तेल घेऊन आजोबांच्या हातात दिलं, त्यांनी टोपीच्या कडेखाली टाळूच्या केसांना लावलं. हात डोक्यावर ठेवायचे असतात, ते मी ठेवू दिले नाहीत, दोघांच्या बोटांची फक्त टोकं, वजन न देता. वडिलांनी बाळाचं नाव घेतलं आणि आशीर्वाद दिला. मध्येच ते थांबले, आजोबांनी दुसरा हात त्यांच्या पाठीवर ठेवला, मग पूर्ण केलं. आजी कोपऱ्यात उभी होती, तिने मान खाली घातली होती. तेवढा मान तिने दिला, हेही सांगायलाच हवं.

पहाटे चारनंतर आईला बेडसकट आणलं. तिला काही विचारायच्या आधीच तिने सिरिंज पाहिली आणि नवऱ्याला म्हणाली, "तुझं झालं ना? आता माझं." वडील काही बोलले नाहीत, तिच्या कपाळावर ओठ टेकवले आणि बाहेर गेले. मला ते बाहेर जाणं रागाचं वाटलं नाही. जे मनापासून पटत नाही त्याला साक्षी राहायचं नाही आणि तिला अडवायचंही नाही, एवढीच जागा त्यांच्याकडे उरली होती.

नुसतं ओलं बोट टेकवून चालत नाही, पाणी त्वचेवरून वाहायला हवं. डोकं वळवता येत नव्हतं, कपाळावर टोपी आणि ट्यूबचा पट्टा. डाव्या कानशिलावर बोटभर जागा मोकळी होती. खाली गॉझ धरला, सिरिंज जवळजवळ आडवी, आणि प्रत्येक नावाला एक थेंब, तो केसांच्या रेषेपासून कानापर्यंत ओघळेपर्यंत थांबून पुढचा. अर्ध्या एमएलहून कमी पाणी लागलं. सॅच्युरेशन हललंसुद्धा नाही. इतकं नीट काम माझ्या हातून झाल्याचं मला समाधान आहे.

बाळ सकाळी गेलं, आईच्या छातीवर.

नंतर वडील जे बोलले त्याचा मी अंदाजच केला नव्हता. मला वाटत होतं त्यांची बाजू सोपी आहे, आठ वर्षांआधी गेलेलं मूल थेट सर्वोच्च स्वर्गात, चिंता मिटली. १८३६ मध्ये जोसेफ स्मिथला दर्शन झालं, त्यात बाप्तिस्म्याविना गेलेला त्याचा भाऊ ॲल्व्हिन त्याला त्या स्वर्गात दिसला आणि लहान मुलंही तिथेच जातात हे कळलं, असं ते मानतात. जोसेफ आणि त्याची बायको एमा यांचं स्वतःचं पहिलं बाळ १८२८ मध्ये जन्मताच गेलं होतं. पण बाप म्हणाला, तो कुठे आहे हे मला माहीत आहे, आम्ही त्याचे आहोत की नाही हे माहीत नाही. त्यांच्याकडे कुटुंब मरणानंतरही एकत्र राहतं ते टेंपलमध्ये 'सीलिंग' (कुटुंबाला कायमचं जोडणारा विधी) झालं तर, आणि बायको कॅथलिक असल्याने ते झालंच नव्हतं. आमच्याकडे उलट, स्वर्गात लग्न नाही असं शुभवर्तमानातच आहे, पण आई आपल्या बाळाला भेटेल यावर आम्ही कधी अट ऐकलेली नाही. म्हणजे आजीला भीती होती ती गोष्ट त्याला क्षुल्लक होती, आणि त्याचं जे दुःख होतं ते त्या खोलीत दुसऱ्या कोणाच्या ध्यानातही नव्हतं. माझ्याही नाही. बाप्तिस्म्याचा दाखला फक्त आईच्या पाकिटात ठेवा, एवढंच त्यांनी मागितलं.

पुढच्या आठवड्यात मी आमच्या फादरना कॅनन ८६८ बद्दल विचारलं. ते म्हणाले, कायदा परवानगी देतो, आज्ञा करत नाही, आणि बापाच्या विरोधात गुपचूप करणं शहाणपणाचं नव्हे. वसईला आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आई शुद्धीवर येण्याआधीच बाळ गेलं असतं तर? हात तर आतच होता तुझा. मी तिला म्हंटलं, मग तेव्हाही नसता दिला. तिला ते पटलेलं नाही.