घाईचं झाड

वास्तुशांत झाली की माणसाला लगेच सावली हवी असते. नाशिकच्या नव्या लेआउटमध्ये वीतभर काळी माती आणि खाली मुरूम. तिथे आंबा लवकर मनावर घेत नाही, कडुनिंबही वर्षं मागतो. मग नर्सरीवाला ऑस्ट्रेलियन बाभूळ पुढे करतो: काटा नाही, गुरं सहसा तोंड लावत नाहीत, तीन-चार पावसाळ्यांत पोर्चवर सावली. यात खोटं काही नाही. फक्त पुढचं तो सांगत नाही.

हिचं विळ्यासारखं पान मुळात पान नसतंच. तो चपटा झालेला देठ. खात्री करायची तर बी रुजवून बघावं. पहिली पानं अस्सल बाभळीची, बारीक पर्णिकांची येतात, मग देठ रुंदावत जातो आणि पर्णिका गळतात. शेंग वाळली की कानासारखी पिळते आणि काळं बी नारिंगी दोऱ्याला लोंबतं. दोरा काढून बियांवर उकळतं पाणी ओतायचं, पातेलं गॅसवरून उतरवूनच, आणि 24 तास तसंच ठेवायचं. फुगलेलं बी पिशवीत, जेमतेम झाकेल इतक्याच मातीखाली. न फुगलेल्याला पुन्हा गरम पाणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलं तर रोप पावसाळ्याला तयार. पिशवीत मूळ गोल फिरलं असेल तर ते वळण कापून मगच लावावं, नाहीतर झाड वाढतं पण पाय रोवत नाही.

खड्डा 2 फूट लांब-रुंद-खोल, दोन घमेली शेणखत. युरिया नको, मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. भिंतीपासून 15 फूट तरी लांब, विजेच्या तारेखाली मुळीच नाही. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत पहिल्या वर्षीचे शेंडे करपतात; गोणपाट बांधावं.

खरी गोम फांद्यांत. दोन खोडं अरुंद बेचक्यात वाढली की मध्ये साल दबते, जोड कच्चा राहतो आणि वळवाच्या वाऱ्यात झाड उभं फाटतं. म्हणून लहानपणीच एक शेंडा ठेवायचा, आणि मोठ्या झाडाची छाटणी वळवाच्या आधी उरकायची. कापाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप: 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. बादली प्लास्टिकची. द्राक्षवाला शेजारी असेल तर तयारच मिळेल.

पाचोळा रग्गड पडतो, लवकर कुजत नाही, पन्हळी तुंबवतो आणि उन्हाळ्यात ठिणगीला निमित्त होतो. जाळू नये, डाळिंबाखाली आच्छादनाला तो उत्तम.

आमच्या मते ही लावायची ती मुदतीनेच. त्याच दिवशी 12-15 फुटांवर करंज किंवा कडुनिंब लावावा आणि दहाएक वर्षांनी बाभूळ काढावी. शहरात अंगणातलं झाडही 1975 च्या झाडांच्या कायद्याखाली येतं, तेव्हा महापालिकेची परवानगी आधी, करवत नंतर. ओंडक्यांच्या टोकांना रंग फासून ते सावलीत वाळवले तर कमी चिरतात. लाकूड जड, तपकिरी निघतं, सुतार त्याचे पाट नि स्टूल करतो. बारीक फांद्या बंबात.