सीडीतले शेवटचे पान

उजव्या कुशीतली कळ पहाटे तीनच्या सुमारास सुरू झाली आणि सकाळी नऊपर्यंत मी सोनोग्राफीच्या टेबलावर होतो. मूत्रपिंडाला थोडी सूज आहे, पण खडा दिसत नाही, असे त्या तपासणीत निघाले. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागात अडकलेला खडा आतड्यांतल्या वायूमुळे सोनोग्राफीत बऱ्याचदा लपून राहतो, हे मला पुढे कळले. त्या सकाळी मात्र ‘काही दिसत नाही’ एवढेच ऐकून पत्नी घाबरून गेली. लघवीत रक्त आढळल्यामुळे डॉक्टरांनी कॉन्ट्रास्टसह, म्हणजे अवयव चित्रात उठून दिसावेत म्हणून शिरेत टोचायच्या औषधासह, संपूर्ण पोटाचा सीटी स्कॅन लिहून दिला. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते सांगणारे रक्तातले क्रिएटिनिन तपासून झाले. संमतिपत्रात ॲलर्जी, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार असे प्रश्न होते. सीटीत वापरल्या जाणाऱ्या क्ष-किरणांविषयी एकही नव्हता, आणि असता तरी त्या अवस्थेत मी तो वाचला नसता. निदान झाले: ६ मिलिमीटरचा मुतखडा.

तीन आठवडे औषध आणि भरपूर पाणी घेऊनही खडा पडला नाही, म्हणून दुर्बिणीने काढायचे ठरले आणि त्यासाठी मी दुसऱ्या रुग्णालयात गेलो. जुनी सीडी बरोबर होती. ती त्यांच्या संगणकावर उघडली नाही, फिल्मवर निवडक चित्रेच होती, आणि समोरच्या टेबलावरून उत्तर आले, “इथे नवीनच काढावा लागेल.” खडा या काळात सरकला असण्याची शक्यता होती, त्यामुळे नवे चित्र हवे हे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. पण माझा खडा कॅल्शियमचा होता आणि असे खडे बहुतेक वेळा पोटाच्या साध्या एक्स-रेतही दिसतात. हा पर्याय कोणी सुचवला नाही आणि मला तो ठाऊक नव्हता. दुसरा स्कॅन झाला, शस्त्रक्रिया झाली, मूत्रवाहिनी मोकळी ठेवणारी नळी म्हणजे स्टेंट बसला आणि पुढे निघालाही.

मी आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केली आहे, त्यामुळे बरे वाटू लागताच दोन्ही बिले समोर घेऊन बसलो. पहिल्या तपासणीचा खर्च दुसरीच्या जवळजवळ तिप्पट का, हे शोधताना पुतण्याने त्याच्या लॅपटॉपवर ती सीडी उघडून दाखवली. शेकडो काळ्या-करड्या चित्रांच्या शेवटी एक वेगळेच पान होते. त्यावर पोट नव्हते, कोष्टक होते. प्रत्येक ओळीपुढे दोन आकडे: एक सीटीडीआय, म्हणजे शरीराच्या एका कापात यंत्राने सोडलेल्या किरणांचे माप, आणि दुसरा डीएलपी, म्हणजे त्याच मापाला स्कॅन केलेल्या लांबीने गुणून आलेला आकडा. पहिल्या स्कॅनच्या कोष्टकात चार ओळी होत्या. आधी साधा स्कॅन, मग कॉन्ट्रास्ट टोचल्यावर धमन्यांच्या वेळी, शिरांच्या वेळी आणि शेवटी औषध मूत्रमार्गात उतरल्यावर, असे माझे पोट चार वेळा यंत्रातून गेले होते. यंत्रातला आवाज मला चार वेळा श्वास रोखायला सांगत होता, याची आठवण तेव्हा झाली.

चारही ओळींची बेरीज १८४० भरली. पोटाच्या डीएलपीला ०.०१५ ने गुणले की मिलिसिव्हर्ट या एककात अंदाजे प्रभावी डोस, म्हणजे साऱ्या शरीरावरच्या किरणांच्या परिणामाचे माप, मिळतो, हे नियम म्हणून वापरले जाते. गुणाकार केला तर २७.६ आले. दुसऱ्या, एकाच फेरीच्या स्कॅनचे ४९० होते, म्हणजे साधारण ७.४ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून, म्हणजे माती, खडक, अवकाश आणि श्वासातला रेडॉन हा किरणोत्सारी वायू यांच्यामुळे माणसाला वर्षाला जगभरात सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. पहिल्या अर्ध्या तासात मी साडेअकरा वर्षांचा निसर्ग अंगावर घेतला होता.

त्यानंतर मी केलेली चूकही सांगायला हवी. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक परिषदेने किरणांच्या सान्निध्यात काम करणाऱ्यांसाठी कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट आणि पाच वर्षांत मिळून १०० ही मर्यादा घातलेली आहे. ती वाचून मी महिनाभर अस्वस्थ होतो आणि भेटेल त्याला ‘एका फटक्यात कामगाराचा वर्षाचा कोटा जवळजवळ संपला’ असे ऐकवत होतो. शेवटी ओळखीच्या एका रेडिओलॉजिस्टबाईंना कागद दाखवले. त्यांनी शांतपणे सांगितले की ती मर्यादा रुग्णांना लागूच नाही. कामगाराला त्या किरणांपासून काही लाभ नसतो, रुग्णाला असतो. म्हणून रुग्णाच्या बाबतीत आकड्याची भिंत न घालता दोन प्रश्न विचारायचे असतात: ही तपासणी खरोखर लागते आहे का, आणि लागत असेल तर ती कमीत कमी किरणांत होते आहे का.

“मग धोका किती?” असे मी सरळच विचारले. त्यांनी आंतरराष्ट्रीय स्तरावर वापरला जाणारा ढोबळ आकडा सांगितला: एका सिव्हर्टमागे, म्हणजे हजार मिलिसिव्हर्टमागे, कर्करोगाचा साधारण पाच टक्के जादा धोका. माझ्या २७.६ मिलिसिव्हर्टला तो लावला तर सातशेंत एक अशा आसपास जादा शक्यता येते. पण हा हिशेब सर्व वयांच्या लोकसंख्येसाठी, थोड्या डोसालाही त्या प्रमाणात थोडा धोका असतोच असे धरून केलेला आहे. सेहेचाळिशीच्या एका ठरावीक माणसाच्या नावावर तो चढवायचा नसतो. लहान मुलांच्या बाबतीत धोका अधिक असतो, वय वाढते तसा तो उतरतो. शिवाय तो ०.०१५ चा गुणकसुद्धा प्रमाण देहासाठी आहे, माझ्या सुटलेल्या पोटासाठी नव्हे. हे ऐकून मी जरा खजील झालो. मात्र माझ्या खड्याच्या शंकेला चार फेऱ्यांची गरज होती का, यावर त्या थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, “नुसता खडाच शोधायचा असता तर पहिली साधी फेरी पुरली असती. लघवीत रक्त होते म्हणून पुढच्या फेऱ्या घेतल्या असतील, पण चारही कशाला?” एवढे उत्तर मला पुरले.

चौदा महिन्यांनी डाव्या बाजूला कळ आली. या वेळी आधी पाणी पिऊन, मूत्राशय भरून सोनोग्राफी केली; सूज दिसली, खडा पुन्हा नाहीच. एमआरआय करून किरण टाळता येतील का, असे मी विचारून पाहिले, पण एमआरआयमध्ये खडे नीट दिसत नाहीत. तेव्हा सीटीला पर्याय नव्हता. मी डॉक्टरांना एवढीच विनंती केली की चिठ्ठीवर ‘मुतखड्यासाठी, प्लेन, लो डोस’ असे स्पष्ट लिहावे. त्यांनी माझ्या वजनाकडे पाहिले. फार स्थूल व्यक्तीत कमी डोसचे चित्र खरखरीत येते आणि बारीक खडा हातचा जाऊ शकतो. मी त्या सीमेच्या अलीकडे होतो, म्हणून त्यांनी तसे लिहिले.

केंद्रात शिशाचा ॲप्रन मिळेल का, असेही मी विचारले. टेक्निशियन तरुण होता, हसला नाही. “काका, जे पाहायचे तेच झाकले तर कसे चालेल?” म्हणाला, आणि मग हात डोक्यावर घ्यायला लावताना कारणही सांगितले: हात पोटाशेजारी राहिले तर त्यांची हाडे आडवी येतात, आणि यंत्र शरीराची जाडी पाहून किरण आपोआप वाढवते. त्याने टेबलाची उंची दोनदा सारखी केली, कारण शरीर वर्तुळाच्या मध्यापासून सरकले तर हा आपोआप चालणारा हिशेब बिघडतो. मुख्य म्हणजे त्याने स्कॅनची हद्द फुफ्फुसांच्या तळापासून न धरता मूत्रपिंडांच्या वरच्या टोकापासून मूत्राशयाच्या तळापर्यंतच धरली. डीएलपी लांबीने गुणलेला असतो, हे मला आता कळत होते, म्हणून काचेपलीकडच्या पडद्यावर ती आडवी रेघ खाली सरकताना पाहून मला विलक्षण समाधान वाटले.

एकच फेरी, एकच श्वास. खडा ४ मिलिमीटरचा निघाला आणि नवव्या दिवशी आपण होऊन पडला.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा मी सीडीबरोबर डोसचे पान छापून मागितले. काउंटरवरच्या मुलीला ते काय हे माहीत नव्हते. तिने आतून विचारून आणले, पैसे घेतले नाहीत. त्यावर १४० होते, म्हणजे २.१ मिलिसिव्हर्ट. घरी येऊन तिन्ही पाने एका फायलीत लावली आणि तिन्ही सीड्यांतली चित्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली. पत्नीने फायलीवर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ‘आधी हे उघडून पाहावे.’