पहिल्या पानावरचे तीन पंचमांश

वॉशिंग्टनमध्ये आम्ही चार दिवस होतो. लिंकन स्मारक, संग्रहालयं, पोटोमॅकच्या काठाने चालणं, सगळं छान झालं. पण मनातून जात नाही ती नॅशनल आर्काइव्हज या सरकारी दप्तरखान्यातली एक काच.

तिथे मला बघायचा होता लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा जाहीरनामा, बंडखोर राज्यांतल्या गुलामांना मुक्त ठरवणारा. मी सातारा जिल्ह्यातली. जोतीरावांचं मूळ गाव कटगुण आमच्याच जिल्ह्यात. १८७३ साली त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना, गुलामांना दास्यातून सोडवल्याबद्दल. शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हा ती अर्पणपत्रिका दर वर्षी वर्गात वाचायचे. म्हणून तो कागद एकदा डोळ्यांनी बघायचा होता.

तो बाहेर नव्हताच. उजेडाने खराब होतो म्हणून तेव्हा वर्षातले मोजकेच दिवस दाखवायचे, आणि मे २०१८ मधला आमचा दिवस त्यातला नव्हता. “आई, मी आधी चौकशी करायला हवी होती,” असं मुलगा दोनदा म्हणाला. मी काही बोलले नाही, पण घशाशी आलं होतं.

मग गोल दालनात शिरलो. अंधूक उजेड, शाळांच्या सहलींची रेटारेटी. मला गर्दीत पुढे घुसणं जमत नाही, आवडतही नाही. पण दहा वर्षांच्या नातीने हात धरून पुढे नेलं. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा इतका विटलाय की अक्षर लागत नाही. एकोणिसाव्या शतकात पस्तीसेक वर्षं तो खिडकीसमोर टांगलेला होता. सगळी माणसं समान जन्मतात, हे वाक्य मी शोधत राहिले. दिसलं नाही.

शेजारची १७८७ ची राज्यघटना मात्र ठसठशीत. चार मोठी चर्मपत्रं. नात ते वळणदार अक्षर एकेक शब्द लावत वाचू लागली आणि पहिल्याच पानावर थबकली: ‘थ्री फिफ्थ्स ऑफ ऑल अदर पर्सन्स’.

“आजी, माणसाचे पाच भाग कसे करतात?”

मागून लोक सरकत होते. मी तिला तिथेच सांगितलं. प्रतिनिधी सभेत कुणाच्या किती जागा, हे लोकसंख्येवर ठरणार होतं. दक्षिणेकडच्या राज्यांना गुलाम मोजायला हवे होते, मत द्यायला नको होते. तडजोड झाली: पाच गुलाम म्हणजे तीन माणसं. त्या चारही पानांत ‘गुलाम’ हा शब्द कुठेच नाही. ‘इतर व्यक्ती’. मला त्या शब्दांचा फार राग आला. समतेचं वाक्य पुसलं गेलं आणि हा हिशोब अजून वाचता येतो.

बाहेर पायऱ्यांवर डब्यातल्या पोळ्या खाताना पुढचं सांगितलं. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने गुलामी बंद झाली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने तो तीन पंचमांशांचा हिशोब खोडला आणि इथे जन्मलेला तो इथला नागरिक ठरवला. ती दुरुस्ती सुटलेल्या गुलामांसाठी होती. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईबापांच्या पोटी जन्मलेला वाँग किम आर्क तिच्या आधारावर लढला आणि १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला. माझी नात व्हर्जिनियात जन्मली. तिचे आईबाप नऊ वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. ती जन्मापासून इथली नागरिक आहे, ते त्या दुरुस्तीमुळे. हे सांगताना माझा आवाज बसला. मुलगाही गप्प झाला.

नात बराच वेळ बोटं मोजत होती. मग म्हणाली, “आजी, पाचातली कुठली दोन माणसं मोजायची नाहीत, हे कोण ठरवायचं?”