नडगी, घड्याळ आणि १६८ चा घोळ

मंडळी, नडगीचं कोडं अर्धं तरी सुटलंय. मागच्या वेळी रडगाणं गायलेच होते, पळताना डावी नडगी आतल्या बाजूने तिसऱ्या किलोमीटरला ठणकायला लागते, आणि तेही आठच्या पेसला (किलोमीटरला आठ मिनिटं), ज्याला आपल्या ग्रूपमध्ये गप्पांचा पेस म्हणतात! दाबून बघितलं तर दुखणं चांगलं वीतभर पसरलेलं, रात्री काही त्रास नाही, म्हणून शिन स्प्लिंट (पळून पळून नडगीच्या हाडाकडेने होणारं दुखणं) धरून चालले. कुणाचं एकाच टिचभर जागी दुखत असेल, नुसतं उभं राहिलं तरी कळ येत असेल तर बाम चोळत बसू नका, सरळ ऑर्थो गाठा. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला गेलेली बारीक चीर, सुरुवातीच्या एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही.

शूजच्या दुकानात ट्रेडमिलवर पळवलं, व्हिडिओ काढला आणि "मॅडम तुमचा पाय आत वळतो" म्हणून सगळ्यात महागडा जोड पुढे केला. नाही घेतला. आठवड्याला पळणं दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, हा नियम तर सगळेच ऐकवतात, पण नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनला ५३२ नवख्या धावकांवर ट्रायल झाली होती (२००८ ची), त्यात दहा टक्क्यांनी वाढवणारे आणि भराभर वाढवणारे, दोन्हीकडे पाचातला साधारण एक जायबंदी झालाच. आणि माझं मायलेज वाढलेलंच नव्हतं ना.

शेवटी पुण्यातल्या तळजाई टेकडीवर ग्रूपमधले एक काका मागून पळत होते, ते म्हणाले, "अगं, पेस कमी केलास पण ढांगा तेवढ्याच टाकतेस की." घरी येऊन कॅडन्स (मिनिटाला पडणारी पावलं) बघितला तर १५०! आता हिशोब बघा, आठचा पेस म्हणजे मिनिटाला १२५ मीटर, १५० पावलं म्हणजे एक पाऊल साधारण ८३ सेंमी, तेच १६८ पावलं पडली तर ७४. नऊ सेंमीचा फरक, आणि त्या नऊ सेंमीत पाय अंगाच्या पुढे जाऊन टाच आपटते, प्रत्येक पावलाला ब्रेक लागतो आणि तो हिसका नडगी खाते. मेट्रोनोम (ठेका देणारं टिकटिक ॲप) १६८ वर लावला. दुडूदुडू पळतोय असं वाटतं, मॉर्निंग वॉकवाले वळून बघतात, बघू देत. तिसरा किलोमीटर गेला, चौथा गेला, नडगी गप्प!! त्या दिवशी डबल मिसळ.

आणि मग घड्याळाने डोकं फिरवलं. हार्ट रेट १६७, १६८, १६९. झोन टू, म्हणजे निवांत पळताना नाडी राहावी तो टप्पा, कुठल्या कुठे. बरं, मी कानात इयरफोन घालून आईशी पूर्ण वाक्यांत भांडतेय, धाप नाही काही नाही. चालायला लागले की आकडा धपकन खाली, पळाले की लगेच परत १६८. वैतागून मेट्रोनोम १७२ केला तर हार्ट रेटही १७२! कॅडन्स लॉक, दुसरं काय. मनगटावरचा हिरवा लाइट पावलांचा ठेकाच नाडी म्हणून मोजत होता. घड्याळाचा पट्टा घट्ट केला, मनगटाच्या हाडाच्या दोन बोटं वर सरकवला, थोडाच फरक. मैत्रिणीचा नाडी मोजणारा छातीचा पट्टा उसना आणला तर त्याच पेसला १४१. म्हणजे पेस बरोबरच होता, आणि मी त्या आकड्याला घाबरून मधेमधे चालत होते.

तर प्लॅन: शूजचे पैसे छातीच्या पट्ट्यावर, फूटपाथचे पेव्हर ब्लॉक बंद, जिन्यात गुडघा वाकवून काफ रेझ (टाचा उचलायचा पोटरीचा व्यायाम) चालू. सप्टेंबरची सातारा हिल हाफ मॅरेथॉन... खरं तर करायचीच होती, पण आत्ता लिहिताना वाटतंय, यवतेश्वरचा घाट चढले तरी तोच उतरायचाय, आणि उताराला पाऊल आपोआप लांब पडतं. नकोच यंदा. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची टेन के (दहा किलोमीटर) बघते, पेडर रोडच्या चढाची भीती नंतर कधीतरी.

दंडावर बांधायचा ऑप्टिकल (लाइटने नाडी मोजणारा) बँड कुणी वापरलाय का? छातीचा पट्टा घामाने काचतो फार, पण बँडपण लॉक होत असेल तर पैसे घालवण्यात अर्थ नाही.