नळीची वाट: सॅक भरताना नेहमीचा सल्ला विसरा

‘जड सामान वर, खांद्यांच्या रेषेत’ हा सल्ला सगळीकडे सापडतो. ट्रेकच्या आयोजकाने पाठवलेल्या यादीतही तोच होता, ठळक अक्षरांत. हरिश्चंद्रगडाच्या पाचनईकडच्या रुळलेल्या वाटेवर तो चालतो. बेलपाड्यातून नळीत, म्हणजे गडावर चढणाऱ्या अरुंद घळीत, शिरणार असाल तर मात्र तो धोकादायक आहे. मोठाले धोंडे, घसारा म्हणजे निसटती माती-दगडं, मग रॉक पॅच, म्हणजे उभ्या कातळाचा टप्पा. अंग सतत वाकतं, वळतं, आडवं होतं. वजन खांद्यापाशी असलं की दर वळणाला सॅक बाहेर खेचते.

इथे जड सामान हवं कमरेच्या वर, खांद्याच्या पात्यांच्या खाली आणि पाठीला चिकटून. तळाशी स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे. त्यावर पाण्याच्या बाटल्या पाठीलगत उभ्या, बाहेरच्या बाजूला जॅकेट कोंबायचं म्हणजे बाटल्या हलत नाहीत. दुपारचा डबा, हेडटॉर्च आणि प्रथमोपचार सगळ्यांत वर.

खरा प्रश्न पाण्याचा. हिवाळा सरत आला की नळीत पाण्याचा भरवसा नाही, म्हणून माणशी 4 लिटर धरा. म्हणजे 4 किलो. एका मुक्कामाची सॅक 8-9 किलोच्या वर जाऊ नये, त्यातलं जवळजवळ निम्मं पाणीच. ते बाजूच्या जाळीत ठेवू नका. वाकलात की बाटली निसटते आणि थेट खालच्याच्या डोक्यावर जाते. लागलं तर अर्ध्या लिटरची एक बाटली हाताशी ठेवा, संपली की आतल्या बाटलीतून भरा. पाणी संपत जातं तशी सॅक आत पोकळ होऊन डुगडुगायला लागते. दर विश्रांतीला बाजूचे पट्टे ओढून घ्या.

झोपायची मॅट बाहेर आडवी बांधून आलेल्यांची कीव येत होती. दर अरुंद जागी अडकते. ती आत उभी घाला, बाहेर काहीही लोंबकळू देऊ नका. आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही: वरची पकड शोधायला मान उचलली की हेल्मेट सॅकच्या टोपीवर, म्हणजे वरच्या झाकणाच्या कप्प्यावर, आपटतं आणि नजर खालीच राहते. टोपीतलं सामान काढा, ती घट्ट खाली ओढा.

पट्टे सॅक पाठीवर घेतल्यावर या क्रमाने आवळा: आधी कमरेचा, कमरेच्या हाडावर. मग खांद्याचे, मग खांद्यावरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे छोटे, शेवटी छातीचा. वजन कमरेवर आलं नाही तर सगळे सैल करून पुन्हा पहिल्यापासून. हार्नेस (दोर अडकवायचा कमर-मांड्यांचा पट्टा) घातल्यावर सॅकचा कमरेचा पट्टा त्याच्या कड्या झाकतो, म्हणून रॉक पॅचवर तो सोडावा. सॅक दोराने वर खेचायची असेल तर नुसत्या हँडलला अडकवू नका, तो उसवतो. कॅराबिनर (उघडझाप होणारी धातूची कडी) हँडल आणि खांद्याचा पट्टा दोन्हींत ओवा, मोकळे पट्टे आत खोचा.

निघण्याआधी घरी भरलेली सॅक घालून वाका, पायाचे अंगठे धरा. मानेवर सरकली तर वजन वर आहे, पुन्हा भरा.

पाचनईकडची उतराई सोपी, तिच्यावर लिहिण्यासारखं काही नाही. गडावर जेवण मिळतं, तेव्हा स्टोव्ह आणि डाळ-तांदूळ नळीतून वर चढवणं हा शुद्ध वेडेपणा. फक्त आधी फोन करून माणशी दर ठरवून घ्या. वर पोहोचल्यावर भूक लागलेली असते आणि घासाघीस करायला अंगात त्राण नसतं.